पाण्याचा दिवस

आमच्याकडे ‘आकाशवाणी’ म्हटलं की रिक्षावाला जालना रोडवरचा चौक समजतो. छत्रपती संभाजीनगरात येऊन मला 27 वर्षं झाली. त्या चौकातून हजारदा गेले असेन, पण केंद्राच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं ते उन्हाळ्यात, तेही एका पोस्टकार्डामुळे.

सासूबाईंचा रेडिओ सकाळपासून चालू असतो. एके दिवशी शहराच्या पाण्यावर चर्चा लागली होती. बोलणारे जाणकार होते. जायकवाडीत साठा किती, नवी योजना 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर कशी गेली, अडीच हजार मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी म्हणजे आत माणूस उभा राहील एवढी, वगैरे. मी ओट्याशी उभी, हातात शेवटची कळशी. सगळं खरंच सांगत होते, पण नळाला पाणी कधी येतं हे काही कोणी विचारीना. तेवढंच कार्डावर लिहून टाकलं. पंधरा दिवसांनी फोन आला, ‘ताई, तुम्हीच येऊन बोलता का?’

मला वाटलं जायचं, बोलायचं, यायचं. तसं नसतं. आधी करारपत्र. त्यात विषय, मिनिटं, मानधन, ध्वनिमुद्रणाची तारीख. त्यावर सही करायची, सोबत पॅन कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक जोडायचा. माझं पॅनवरचं नाव माहेरचं आणि बँकेतलं सासरचं, त्यात दोन चकरा झाल्या.

मग मुद्दे लिहून मागितले. मी चार पानं लिहिली, सगळी रागात. कार्यक्रम अधिकारी मॅडमनी पेन्सिल घेतली आणि मला शेजारी बसवलं. पक्षाचं नाव घेऊन टीका करायची नाही, कोणा माणसाची बदनामी होईल असं बोलायचं नाही, जातीधर्माला लागेल असं काही नको. ही आकाशवाणीची आचारसंहिता खूप जुनी आहे म्हणे. चार पानांचं दीड पान उरलं. मी म्हटलं, ‘मग बोलू काय? नळ छान दिसतो म्हणू?’

मॅडम हसल्या. ‘तुमच्याकडे पाणी कोणत्या तारखेला आलं ते सांगा ना. तारखेवर कोण पेन्सिल फिरवणार?’

तारखा होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला दिनदर्शिका आहे. पाणी आलं की सासूबाई त्या तारखेभोवती निळं वर्तुळ काढतात आणि शेजारी वेळ टाकतात: ‘प. 3’ म्हणजे पहाटे तीन. मध्ये कुठं ‘टँ.’, म्हणजे टँकर. एका जागी नुसतं ‘मोटार’, ती जळाली तो दिवस. कधी सात दिवसांनी वर्तुळ, कधी नऊ, एकदा तर थेट अकरा. दिनदर्शिका काढून पिशवीत घातली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माघारी घेऊन ये बरं, परवा पाण्याचा दिवस हाय.’

स्टुडिओला एकामागे एक दोन जड दारं. दुसरं बंद झालं आणि जालना रोड एकदम नाहीसा झाला. टेबलावर मऊ कापड, समोर जाड काच, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे दादा. आवाजाच्या चाचणीला त्यांनी विचारलं, ‘सकाळी काय खाल्लं?’ मी सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा, असं म्हटलं, ते थांबवून म्हणाले, ‘ताई, बांगड्या.’ काचेच्या, घट्ट बसलेल्या, निघेनात. शेवटी दोन्ही मनगटांवर रुमाल गुंडाळले. मग दिनदर्शिका उघडली तर तिचा गुळगुळीत कागद कडकडला. ‘हे बाहेर ठेवा.’ झालं! ज्याच्या जोरावर आले होते तेच दाराबाहेर. तारखा आठवतील तशा सांगायचं ठरलं.

लाल दिवा लागला. माझ्यासोबत एक निवृत्त अभियंता आणि इतिहास शिकवणारे एक सर होते. मी अकरा दिवसांचं वर्तुळ सांगितलं. अभियंते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट आणखी विचारलं, त्या आठवड्यात वादळ झालं होतं का? झालं होतं. मग त्यांनी समजावलं. धरण खाली आणि शहर उंचावर, त्यामुळे थेंबन् थेंब पंपानं चढवायचा. जायकवाडीहून फारोळ्याला शुद्धीकरण, तिथून नक्षत्रवाडी, मग वस्त्यांचे जलकुंभ. वाटेत तासभर वीज गेली तरी पुढचे जलकुंभ भरायचे राहतात आणि ज्यांचा आज नंबर असतो त्यांचा उद्यावर जातो. त्यांचा उद्यावर गेला की बाकीच्यांचाही ढकलला जातो. सर म्हणाले, मलिक अंबरानं बांधलेल्या नहरीला, म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिनीला, वीज लागत नव्हती, पाणी उतारानं यायचं. अभियंते म्हणाले, ‘हो, पण तेव्हा गाव केवढं होतं?’ सर गप्प झाले. मी मात्र बोलले, की नंबर ढकलला गेला हे संध्याकाळीच कळलं तर आम्ही पहाटे तीनला बादल्या मांडून बसणार नाही. हे दीड पानात नव्हतं, पण काचेपलीकडून दादांनी मान हलवली, म्हणजे ठेवलं असावं.

चार दिवसांनी प्रसारण. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं, आपलाच आवाज असा नाकातून येतो हे तेव्हा कळलं. सासूबाई रेडिओला कान लावून बसल्या होत्या. संध्याकाळी कळवण्याचं माझं वाक्य कापलं नव्हतं. कार्यक्रम संपला, पुढचं गाणं लागलं, त्यांनी आवाज बारीक केला.

‘अक्षय तृतीयेला पाणी आलं म्हणालीस.’

‘मग?’

त्या उठल्या, दिनदर्शिकेचं पान मागं केलं आणि वर्तुळावर बोट ठेवलं. ‘आदल्या रात्री आलं. करा-केळीची मातीची मडकी आपण आदल्या दिवशीच्या पाण्यानं भरली होती. सगळ्या गावाला चुकीचं सांगून आलीस.’ मग चष्मा काढत म्हणाल्या, ‘आता टाक त्यांना एक कार्ड.’