पडलो तरी नाक वर

गेल्या रविवारी आई-बाबांना अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला घेऊन गेलो. नाशुआहून तासाभराचा रस्ता. प्रेस्कॉट पार्कातल्या बाकावर आईनं चकलीचा डबा उघडला. नदीपलीकडे नौदलाची गोदी दिसत होती. आत सोडत नाहीत, म्हणून बोट दाखवूनच बाबांना सांगितलं, "रशिया-जपान तहाची बोलणी तिथं झाली. ऑगस्ट १९०५."

बाबा म्हणाले, "हरलेल्यानं कसली बोलणी करायची? सही ठोकायची आणि घरी जायचं."

रशिया हरला होता यात वाद नाही. पोर्ट आर्थर गेलं, मुकदेन गेलं, मे महिन्यात त्सुशिमाला आरमार बुडालं. घरात क्रांती पेटलेली. तरी झारनं बोलणी करायला निघालेल्या सर्जी विटेला बजावून पाठवलं होतं: इंचभर जमीन नाही, दमडीची खंडणी नाही. मला यातली दमडी जास्त महत्त्वाची वाटते. मांचुरियातलं रेल्वे-बंदर चीनकडून भाडेपट्ट्यानं घेतलेलं, ते सोडताना घरचं काही जात नव्हतं. पण खंडणी मोजली की 'आम्ही हरलो' हे स्वतःच्या हातानं लिहून दिल्यासारखं. युरोपात बडी सत्ता म्हणून मिरवायचं तर तेवढं टाळायलाच हवं होतं.

विटे स्वतः या युद्धाच्या विरोधात होता, पण वकीलपत्र घेतल्यावर त्यानं ते चोख चालवलं. बोटीतून वाटेतच, न्यूपोर्टला उतरला आणि बॉस्टनमार्गे रेल्वेनं आला. पत्रकारांशी गप्पा मारल्या. बैठका त्यांच्यासाठी खुल्या ठेवू म्हणाला. जपान्यांनी नकार दिला, आणि लपवाछपवी करणारे ते ठरले! समोर बसलेला जपानचा कोमुरा अंगानं लहानखुरा, मितभाषी. त्याची खरी अडचण त्याला बोलता येत नव्हती. जपानची तिजोरी रिकामी होती, लढाई लंडन-न्यूयॉर्कच्या कर्जावर चाललेली, आणि सैबेरियन रेल्वेनं रशियाची नवी फौज येतच होती. ही रेल्वे उभारताना अर्थमंत्री कोण, तर विटेच.

जपाननं १२० कोटी येन मागितले होते. २९ ऑगस्टला विटेनं शेवटचं सांगितलं: साखालिन बेटाचा दक्षिण अर्धा घ्या, पैसा नाही. कोमुरानं मान्य केलं. तटस्थ बंदरांत अडकलेली रशियन जहाजंही जपानला मिळाली नाहीत. ५ सप्टेंबरला सह्या झाल्या आणि त्याच दिवशी टोकियोत, हिबिया बागेपासून, लोकांनी दंगल पेटवली. जिंकलेल्यांच्या राजधानीत!

विटेला झारनं काउंट केलं. दरबारातल्या विरोधकांनी त्याला 'अर्ध-साखालिनचा काउंट' म्हणायला सुरुवात केली. घरच्यांकडून काय वेगळं मिळणार.

कोरियाचं बोलायला हवं. रशियानं तिथला जपानचा वरचष्मा मान्य केला, आणि विटेला ते फारसं जड गेलं नाही, कारण जाणार ते दुसऱ्याचं होतं. कोरियाला मेजाशी खुर्चीच नव्हती.

परतताना न्यू कॅसलला वेंटवर्थ हॉटेल दाखवलं. पांढरंशुभ्र, लाल छपराचं. दोन्ही शिष्टमंडळं इथंच उतरली होती.

"भाडं कुणी भरलं?" बाबा.

"कुणीच नाही. हॉटेलनं दोघांनाही फुकट ठेवलं."

"हां. म्हणजे ताणायला परवडत होतं."