मग तिला घाण कशाला करता?

मी खऱ्या गाड्यांची छोटी मॉडेल्स बांधतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हसून विषय बदलतो. ‘चालते का?’ नाही. ‘विकणार का?’ नाही. ‘एवढ्या पैशात मुलाला सायकल आली असती.’ त्याच्याकडे सायकल आहे. तुम्ही तिला खेळणं म्हणता, सरकारही तुमच्याच बाजूचं आहे म्हणा. बाहेरून येणारा किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा डबा, कस्टमच्या लेखी खेळणंच, आणि खेळण्यांवरची ड्यूटी 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. तेव्हा खेळणं म्हणायचं तर खुशाल म्हणा.

पण एक प्रश्न टाळता येत नाही, कारण तो विचारणाऱ्याला खरंच वाईट वाटत असतं. महिनोन् महिने खपून गाडी चकचकीत केलीत, आणि मग तिच्यावर गंज, चिखल, ऑइलचे डाग कशाला?

माझं ठरलेलं उत्तर असायचं की खरी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की मळते. शिवाय 1:24 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शात, सहा फुटी माणूस तीन इंचांचा होतो, पण रंगाची चमक काही लहान होत नाही. तकाकी तशीच ठेवली की चांगली बांधलेली गाडीही जत्रेतली वाटते. म्हणून काळा रंग थोडा राखाडीकडे न्यायचा, चमक घालवायची. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, वरून बॉडीचा रंग द्यायचा आणि ओल्या ब्रशने घासून टवके काढायचे. पण टवके कुठे? मागच्या फाळक्याची, म्हणजे उघडणाऱ्या फळीची, साखळी जिथे आपटते तिथे, ड्रायव्हरचं कोपर जिथे टेकतं त्या दाराच्या कडेला, आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली एक ओघळ. वाट्टेल तिथे डाग टाकले तर ती नुसती घाण होते. जागेवर टाकले तर गाडी कुठे फिरली ते कळतं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, मामांकडे गाडी नेईपर्यंत.

मामांनी उभी हयात ट्रक चालवला. कोल्हापुरातून गूळ भरायचा, आंबा घाट उतरून रत्नागिरी, येताना चिरे. गाडी बोनेटवाली टाटा. मर्सिडीझशी असलेला करार 1969 मध्ये संपला आणि बोनेटवरचा तारा जाऊन टाटांचा टी आला, त्यानंतरच्या पिढीतली. हिचा किट मला कधी मिळाला नाही. चाकं आणि स्प्रिंगचे पाटे इटालेरी या किट कंपनीच्या एका युरोपियन ट्रकमधून घेतले, बाकी केबिन स्टायरीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, शीटमधून कापली, माल भरायचा हौदा आइस्क्रीमच्या काड्या तासून केला. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ हातानेच लिहिलं. महाराष्ट्रात 2015 पासून त्याला बंदी आहे, पण मामांची गाडी त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. मागच्या चाकांवर, मडगार्डच्या आत आणि हौद्याच्या खालच्या फळ्यांवर घाटातली तांबडी माती लावली. खरी माती नव्हे. अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात बारा मिलिमीटरची खडी दिसतो. त्यामुळे खडूसारखे रंग पिठासारखे वाटून घेतले आणि कोरडेच बसवले. वरून वॉर्निश मारलं नाही, कारण वॉर्निशने धूळ ओली दिसते.

मामांनी गाडी डोळ्यांजवळ धरली. पाटे मोजले. स्टिअरिंगवरचा दोऱ्याचा गुंडाळा बघून हसले. नंबरप्लेटवर अंगठा फिरवला. मग मागची बाजू बघितली.

“ही कुणाची गाडी रं?”

“तुमचीच की मामा. नंबर बघितलात ना?”

“माझ्या गाडीला असला राडा कवा बघितलास तू?”

मी सांगायला लागलो, पावसाळ्यात घाट उतरल्यावर, चिऱ्यांच्या खाणीत... त्यांचं लक्ष नव्हतं. मामींना हाक मारून ओलं फडकं मागवलं. बोटाच्या टोकाला गुंडाळलं आणि पुसायला घेतलं. आधी काच, मग बोनेट, हेडलाइट, दारं, फाळका, शेवटी चाकं. क्रम इतका ठरलेला की हात आपोआप पुढे जात होता. मी ‘मामा, थांबा’ म्हणालो असेन, नक्की आठवत नाही. फडकं तांबडं झालं. एका बाजूचा माझा सगळा घाट त्या फडक्यावर गेला.

“सकाळी धुतल्याबिगर स्टार्टर मारला न्हाई कवा,” एवढंच म्हणाले आणि गाडी माझ्या हातात दिली.

राग आला होता, आजही थोडा येतो. फडक्याने टोपणाच्या तुकड्यापासून केलेला आरसाही निखळला, तो सापडलाच नाही. पण त्या रात्री घरी येऊन माझं मीच भांडलो. माझ्याकडे त्या ट्रकचा एकच फोटो आहे, खंडेनवमीचा, हार घातलेला, धुतलेला. तो मी बाजूला ठेवला होता, म्हटलं हा सणाचा अवतार, रोजचा नव्हे. रोजचा कसा होता हे मला कुणी सांगितलं? परदेशी मासिकांतले गंजके ट्रक बघून मीच ठरवलं. उलट मामाही खरंच रोज धूत असतील का? खाणीतून भरून निघताना, पावसात, रात्री दोनला? त्यांना ती गाडी तशी आठवायची आहे, मला अशी. या भांडणात माती पुरावा नाही आणि फडकंही नाही.

तरी इतकं म्हणेन की तुमच्या प्रश्नात ‘घाण’ हा शब्द येतो तेव्हा मी अजूनही चिडतो. मामा ‘राडा’ म्हणाले तेव्हा त्या शब्दावर चिडलो नाही. त्यांनी हप्ते भरलेत, तुम्ही नाही.

आता मामींनी दुसरी मागितली आहे, ‘ह्यांच्या पंच्याहत्तरीला’. एकदम करकरीत, गोंडे लावलेली, लिंबू-मिरचीसकट. करतोय. चमकही ठेवणार, कधी नव्हे ती. फक्त मडगार्डच्या आतल्या बाजूला तांबडी माती लावणार आहे, आणि यावेळी वॉर्निश मारून. मामा सगळ्यात आधी तिथेच बोट घालतील. घालू देत.