टूल काय करत नाही, तेही लिहा की

सध्या ऑफिसात माझ्याकडे जे काम आहे ते लोकांना सांगितलं की आधी चेहरा कोरा होतो. एआय एजंटला (म्हणजे सांगितलेलं काम पायऱ्या स्वतः ठरवून करणाऱ्या एआयला) स्प्रेडशीटमध्ये काम करायला जी टूल्स देतात, म्हणजे रेंज (सेलचा पट्टा) वाच, सेल बदल, मध्ये रो घाल वगैरे, त्या प्रत्येक टूलचं वर्णन मी लिहिते. एजंटला टूलचं नाव, हे वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला कोणती माहिती द्यायची त्याची) यादी एवढंच दिसतं, बाकी काही नाही.

आणि डेव्हलपर मंडळी लिहून काय देतात, तर "दिलेल्या रेंजमध्ये व्हॅल्यू लिहितं." झालं! अरे पण कशी लिहितं? माणूस असता तर कोऱ्या शीटवर एकदा करून बघितलं असतं, नाहीतर बाजूच्या टेबलवाल्याला विचारलं असतं, एजंट मात्र अंदाज बांधतो आणि बिनधास्त पुढे जातो.

टेस्टिंगला मी आमच्या गिरगावातल्या सोसायटीच्या मेंटेनन्स शीटची कॉपी वापरते (नावं, फोन नंबर काढून, खजिनदार काकांना विचारून). जुन्या चाळीची सोसायटी, त्यामुळे खोली नंबर ३/१२ असे. आता गूगल शीट्सच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामने शीट वाचायची-लिहायची सोय) लिहिताना दोन पर्याय असतात, रॉ आणि युजर एंटर्ड. रॉ दिलं तर ३/१२ हा मजकूर म्हणून जसाच्या तसा बसतो, युजर एंटर्ड दिलं तर आपण हाताने टाईप केल्यासारखं धरतात आणि त्याची तारीख होते, शीटचा लोकेल (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने धरायची ती सेटिंग) भारताचा असेल तर ३ डिसेंबर, अमेरिकेचा असेल तर १२ मार्च. १४/३२ मात्र तशीच राहते कारण अशी तारीखच नसते, म्हणजे अर्ध्या खोल्या बिघडतात आणि अर्ध्या शाबूत, आणि टूल दर वेळी सांगतं की सेल अपडेट झाला, सगळं ओके. गोंधळ कळतो कधी, तर बिलाच्या शीटमधला लुकअप (जुळणारी नोंद शोधून आणणारा फॉर्म्युला) त्या खोल्या शोधायला जातो आणि त्याला त्या सापडतच नाहीत तेव्हा.

हे फक्त चाळीचं दुखणं नाही हां. माणसाच्या जनुकांची (जीन्सची) नावं ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने २०२० च्या सुमारास मार्च१, सेप्ट१ असली नावं चक्क बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं.

म्हणून माझ्या वर्णनात मी आधी सरळ लिहिलं: खोली, फोन, बँक खातं यांना रॉ, फॉर्म्युला आणि खऱ्या तारखेला युजर एंटर्ड.

दुसरं, रिकामं करणं. "अमक्याने थकबाकी भरली, तो सेल रिकामा कर" असं सांगितलं तर एजंट साहजिकच नल ("इथे काहीच नाही" अशी प्रोग्रामिंगमधली खूण) पाठवतो. पण शीट्सच्या एपीआयमध्ये नल म्हणजे "याला हात लावू नको", रिकामं करायला रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) पाठवावी लागते. पैसे भरले तरी थकबाकी जागच्या जागी, वर त्यावर व्याज चालू! रो मोजण्याचंही तसंच, ए२:ए५ लिहिलं तर मोजणी १ पासून, पण त्याच एपीआयमध्ये ग्रिडरेंज म्हणून रेंज आकड्यांत सांगायची जी पद्धत आहे तिच्यात ० पासून आणि शेवटचा आकडा धरायचा नाही, म्हणजे तीच रेंज १ ते ५ होते. वर्णनात एक उदाहरण टाकलं की विषय संपतो, पण ते टाकतच नाहीत.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ओपनपायएक्सेलवर (एक्सेल फाईल हाताळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड) बांधलेली टूल्स असतील तर अजून मजा. एक्सेलमध्ये मध्ये रो घातली की फॉर्म्युले आपोआप सरकतात, सगळ्यांना सवय आहे त्याची, एजंटलाही. ही लायब्ररी सेल खाली सरकवते पण फॉर्म्युल्यातले पत्ते बदलत नाही, त्यामुळे खालच्या बेरजेतून शेवटची खोली गुपचूप गळते. शिवाय ती हिशोब करतच नाही, फॉर्म्युला लिहून सेव्ह केला आणि लगेच उत्तर वाचायला गेलं तर काहीच मिळत नाही, फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह होईपर्यंत. टूल काय करत नाही हे कोणी लिहितच नाही, आणि एजंट फसतो तो नेमका तिथेच.

आता सगळंच लिहायचं म्हटलं तर वर्णनाचं पुराण होतं, आणि ते प्रत्येक वेळी एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये (एका वेळी त्याच्यासमोर मावणाऱ्या मजकुरात) जागा खातं. मी सगळ्यात आधी "शक्तिशाली", "लवचिक" वगैरे उडवते, एजंटला काय करायचंय त्याचं. बराच भार मग एरर मेसेजवर टाकते. "रेंज चुकीची" याने काय होणार, तो तीच रेंज परत पाठवणार. त्याऐवजी "शीटच्या नावात स्पेस आहे, नाव सिंगल कोटमध्ये द्या" असं आलं की दुसऱ्या फटक्यात काम होतं, कारण सूचना बरोबर गरजेच्या वेळी समोर येते.

काही गोष्टी मात्र लिहून सुटत नाहीत, टूलच बदलायला लागतं. रॉ आणि युजर एंटर्डचा पर्याय ठेवण्यापेक्षा मजकूर लिहायचं टूल वेगळं आणि फॉर्म्युल्याचं वेगळं करा म्हणून मी डेव्हलपरच्या मागे लागले होते, ते झालं शेवटी. नलचं अजून अडलंय, त्यांचं म्हणणं एपीआय जसं वागतं तसंच टूलने वागावं, माझं म्हणणं सेल रिकामा करायला वेगळं टूल द्या.