होडीला मेण, उन्हासाठी

होडीला मेण लावतोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "पाणी आत येऊ नये म्हणून ना?" तसं नाही. फायबरच्या होडीला पाण्याचं फारसं भय नसतं, तिला खातं ते ऊन. त्यात आमची होडी पंचगंगेकाठच्या एका गावातल्या तरुण मंडळाची. पूर आला तरच ती पाणी बघणार. एरवी सगळा काळ जुन्या टायरांवर, ताडपत्रीखाली. आणि ताडपत्री तरी कोल्हापूरच्या वाऱ्यात किती दिवस धड राहते?

पूर्वी ही भानगडच नव्हती. पाणी चढलं की गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, बाहेर काढायची. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, म्हणजे काहील रिकामीच. गोल असल्यामुळे वल्हवताना ती स्वतःभोवती फिरत राहते, बसणाऱ्यानं अंग चोरून बसायचं, पण पैलतीराला लावते. हंगामभर तिच्यात रस उकळतो, ती घासली-धुतली जाते, पुरासाठी तिची वेगळी सरबराई कुणी केली नाही. 2019 च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. काहिलीवर भागायचे दिवस गेले हे तेव्हा सगळ्यांनाच पटलं आणि वर्गणी निघाली.

तर मे महिना, सकाळचे सहा. ऊन तापायच्या आत उरकायचं, कारण तापलेल्या पृष्ठभागावर मेण लगेच वाळतं आणि पुसता पुसत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं धुणं. मग तळवा फिरवला की हाताला पांढरी भुकटी लागते. वरचा गुळगुळीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो उन्हातल्या अतिनील किरणांनी असा मरत जातो. रबिंग कंपाउंड लावून ही मेलेली कातडी काढायची. खरी दमछाक इथंच. खांदे भरून येतात, बोलणं बंद होतं.

पोरांचं म्हणणं, उद्यमनगरातून बफिंग मशीन आणू, तासात काम. अण्णा ऐकत नाहीत. "मशिनीला कळतंय व्हय, कुटं थांबायचं त्ये?" अण्णांचं बरोबर आहे. जेलकोट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. कडेवर मशीन जरा रेंगाळलं की खालचे काचेचे धागे दिसायला लागतात. हाताला तेवढा जोरच नसतो, हा त्याचा मोठा गुण. शिवाय हात सगळीकडे जातो. नाळेजवळची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळची, केसाएवढी चीर अशीच सापडली. 2021 च्या पुरात बुडालेल्या कुंपणाचा खांब घासला होता, त्याची खूण. ती आधी भरून घेतली, कारण मेण लागलेल्या जागी जेलकोट धरत नाही.

डब्यावर 'कार्नोबा' लिहिलेलं असतं. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं. कोरड्या दिवसांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड हा लेप अंगावर वागवतं. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, हे 80 च्याही पुढे टिकतं. म्हणजे झाडानं स्वतःच्या उन्हाळ्यासाठी केलेली तजवीज आम्ही करवीर तालुक्यातल्या होडीला चोपडतो. मला ही गोष्ट फार आवडते. अण्णांना सांगितली तर म्हणाले, "असंल. हात चालीव."

मेण थोडंच घ्यायचं, एका वेळी हातभर जागा, गोल गोल. धुकट दिसायला लागलं की जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचं. नव्या कापडाला तो मऊसूतपणा नसतो. खालून पांढरा रंग उजळत येतो तेव्हा कुणीतरी "लई भारी" म्हणतंच.

होडी चकाकायला लागली की पोरांना चेव येतो. एक जण डबा घेऊन आत उतरला, तळही चमकवतो म्हणाला. अण्णांनी डबाच काढून घेतला. आतल्या तळाला मेण लावायचं नसतं. ओल्या पायांनी, एका हातात गाठोडं धरून माणसं चढतात तिथं.

"म्हातारी आत पाय टाकंल आन् ढुंगणावर बसंल," अण्णा म्हणाले, "मग तिला वाचवायला दुसरी होडी आणणार हायस का तू?"