कळा येत असताना सही कशी घेता?

लेबर रूममधल्या संशोधनासाठी मी संमती घेते असं सांगितलं, की हा प्रश्न हमखास येतो. कळा देणाऱ्या बाईला काय समजणार, आणि तिच्या सहीला काय अर्थ? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

नवीन होते तेव्हा मीही तशीच सही घेतली आहे. बाई टेबलवर, डाव्या हाताला सलाईन, उजव्या हातात माझं पेन. सही करताना कळ आली आणि शेवटच्या अक्षराची रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती म्हणाली, "ताई, काल सही घेतली ती सिझरची होती ना?" कागद नियमात बसणारा होता. तिला मात्र काहीच कळलेलं नव्हतं. बाळाला पाजून झाल्यावर तिला सगळं नीट समजावलं. ती "नको" म्हणाली, आणि तिची माहिती अभ्यासातून काढली.

आता मी सातव्या महिन्यातच ओपीडीत बोलते. माहितीपत्रक घरी न्यायला देते. पुढच्या तपासणीला आली की विचारते, "घरी सासूबाईंना काय सांगितलंत?" ती स्वतःच्या शब्दांत जे सांगते, त्यावरून तिला किती उमगलंय ते कळतं. वाचता येत नसेल तर अंगठा घेतो. त्या वेळी आमच्या टीमबाहेरचा साक्षीदार लागतो. 2019 च्या औषध चाचणी नियमांतही निष्पक्ष साक्षीदार सांगितलाच आहे. घरात विचारविनिमय जरूर करावा, पण "यांना विचारा" एवढ्यावर मी सही घेत नाही. नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवते. तेव्हाच खरा प्रश्न हळूच येतो: "नाही म्हटलं तर खाट मिळेल ना?" याचं उत्तर मी दोनदा देते, कारण एकदा ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही.

मग प्रसूतीच्या दिवशी, कळा लांब-लांब असताना, पुन्हा एकदा विचारायचं: "ओपीडीत बोललो होतो, अजून चालेल ना?" मध्येच कळ आली की बोलणं थांबवायचं. पिशवीचं तोंड चार बोटं उघडल्यावर मी कुणाकडेही नव्याने संमती मागत नाही.

आणि अचानक रक्तस्राव सुरू झाला तर? हा सगळ्यात अवघड भाग. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवायला मदत करणारं औषध 3 तासांच्या आत दिलं तर त्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वूमन चाचणीतून कळलं. 21 देशांतल्या 20,060 बायका त्यात होत्या. कित्येकींची अवस्था सही करण्यासारखी नव्हती. तिथे नातेवाइकांकडून संमती घेतली, कुणीच नसेल तर उपचार आधी आणि विचारणं नंतर. अशा बायकांना अभ्यासाबाहेर ठेवलं असतं, तर हे औषध ज्यांना सगळ्यात जास्त हवं त्यांच्यावर ते चालतं का, हेच कळलं नसतं. म्हणून मला ही सवलत मान्य आहे. पण ती नीती समितीने, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते पाहणाऱ्या समितीने, आधी तपासून दिलेली हवी.

आणि नंतर विचारणं टाळता येत नाही. बाई सावरली की आधी तिला बाळाबद्दल सांगायचं. मग खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचं, तिला कोणतं औषध दिलं, का दिलं, तिच्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते सांगायचं. ती "नाही" म्हणाली, तर पुढची माहिती तिथेच थांबवायची.