अप्पांच्या खाटेभोवतीची दहा मिनिटं

अप्पा, म्हणजे माझे वडील, वय ७४. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी माग चालवला. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असताना, पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. त्यात जुना मधुमेह, रोजचं इन्सुलिन. ज्या रुग्णालयात नेलं त्याचं नाव लिहीत नाही. चूक तिथेच झाली, पण अप्पांना उभं केलं तेही तिथल्याच माणसांनी.

हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या वयात खुब्याचं ऑपरेशन लांबवायचं नाही, जमेल तेवढं ४८ तासांच्या आत. नाहीतर छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. दुसऱ्या दिवशीचा नंबर लागला. रात्रीपासून काही खायला-प्यायला द्यायचं नाही, असा निरोप आला. पण फिजिशियननी आदल्या संध्याकाळीच फाइलवर "इन्सुलिन नेहमीप्रमाणे" लिहून ठेवलं होतं. सकाळी साडेसातला सिस्टरने लिहिल्याप्रमाणे इन्सुलिन दिलं. आधीच्या पेशंटचं ऑपरेशन लांबलं.

नऊच्या सुमारास अप्पांचा हात धरला, तर गार आणि घामाने चिंब. हाक मारली. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "माग बंद कर रे, धागा तुटलाय."

मी ओरडतच बाहेर पळालो. मशीनवर साखर ४८, म्हणजे फारच खाली. उपाशीपोटी इन्सुलिन गेलं होतं. सिस्टरने शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळाने अप्पांनी मला ओळखलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

मी चिडलो होतो. जो भेटेल त्याला विचारत होतो, आणि जो तो आपापलं पान दाखवत होता. खरं तर एकाचंही पान चुकीचं नव्हतं. ती तरुण सिस्टर मात्र रडवेली होऊन म्हणाली, "उपाशी आहेत हे माहीत होतं हो दादा. पण ऑर्डर लिहिलेली होती. मी कुणाला विचारणार?" तिचं हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दुपारी भूलतज्ज्ञ मॅडमनी सगळ्यांना अप्पांच्या खाटेपाशीच बोलावलं. हाडांचे डॉक्टर, फिजिशियन, फिजिओथेरपिस्ट, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर. फार तर दहा मिनिटं लागली असतील. उद्या पहिला नंबर अप्पांचा. सकाळचं इन्सुलिन किती आणि कोण ठरवणार, साखर किती वेळाने बघायची, सगळं एकाच कागदावर आलं. मग मॅडमनी त्या तरुण सिस्टरला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" ती चाचरत म्हणाली, "रात्री यांच्या कानाचं मशीन काढून ठेवतात. मग ते घाबरतात, बडबडतात." अप्पांना रात्री भ्रम होतो असं फाइलवर होतं, मशीनचं कुठेच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मशीन ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा कानात राहील."

त्यामुळे कमरेत भूल देऊन ऑपरेशन चाललं तेव्हा अप्पांना सगळं ऐकू येत होतं. नंतर मला कौतुकाने सांगत होते, "तीन-तीनदा नाव विचारलं. पायावर पेनाने खूण केली, तरी मोठ्यानं म्हणाले, डावा पाय." जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अशा तपासण्यांची १९ मुद्द्यांची यादी आणली, हे मी नंतर वाचलं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून बघितली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. औषध नवीन नाही, यंत्र नवीन नाही. एकमेकांना मोठ्याने विचारायचं, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी फिजिओ आले. आधी सिस्टरला विचारलं, दुखण्याचं इंजेक्शन कधी दिलंय? त्याचा परिणाम सुरू झाल्यावरच अप्पांना वॉकर धरून उभं केलं. चार पावलं टाकली.

घरी सोडताना त्याच सिस्टरने औषधांचा कागद समजावला आणि म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा." मी गोळ्या, वेळा, इन्सुलिनचे युनिट सांगितले.

"आणि अप्पा जेवले नाहीत तर?"

"इन्सुलिन द्यायच्या आधी फोन करायचा."

तिने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात वॉर्डचा नंबर ठळक लिहून दिला. "रात्री कितीही वाजले तरी करा, दादा. विचारा."