माल्टाचे किल्ले: आधी बंदर, मग तट

माल्टा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत असल्यामुळे व्हिसाचे सोपस्कार नेहमीचेच होते. खरा विचार करावा लागला तो किल्ले कोणत्या क्रमाने पाहावेत याचा. राजधानी व्हॅलेटा आणि परिसरातील बहुतेक तटबंदी ग्रँड हार्बर या खोल, सुरक्षित बंदरासाठी उभी राहिली आहे, म्हणून मी सुरुवात उंचावरच्या अपर बराक्का बागेपासून केली. कठड्यापाशी उभे राहिले की समोर पलीकडच्या काठावरील बिर्गू या जुन्या गावाच्या टोकावरचा सेंट अँजेलो किल्ला आणि डावीकडे बंदराचे तोंड दिसते, आणि कोणती तोफ कशावर रोखलेली असेल ते नकाशाशिवाय उमगते. दुपारी बारा वाजता खालच्या मोर्च्यावरून सलामीची तोफ डागली जाते; त्यासाठी थोडे आधी पोहोचावे.

याच खडकाच्या पोटात लास्करिस युद्धकक्ष आहेत, जिथून दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, दोस्त राष्ट्रांच्या सिसिलीवरील स्वारीची सूत्रे हलली. तेथून लिफ्टने धक्क्यावर उतरून मी लहान होडीने बिर्गूला गेलो, आणि हा प्रवास प्रत्येकाने करावाच असे मला वाटते. 1565 च्या तुर्की वेढ्यात बिर्गू आणि शेजारचे सेंग्लिया यांच्यामधल्या चिंचोळ्या खाडीच्या तोंडाशी लोखंडी साखळी ताणून आतल्या गलबतांचे रक्षण केले होते. पुढे महायुद्धात, ऑगस्ट 1942 मध्ये, रसद घेऊन माल्टाकडे निघालेल्या 14 मालवाहू जहाजांपैकी 5 च या बंदरात पोहोचली. त्यांतले शेवटचे, इंधन वाहणारे ‘ओहायो’, इतके मोडले होते की दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून ते 15 ऑगस्टला आत आणावे लागले. तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांसाठी हे बंदर किती मोलाचे होते, याचा एक धागा आपल्याकडेही येतो: 1878 मध्ये रशियाशी युद्धाची चिन्हे दिसताच त्यांनी मुंबईहून हिंदी फौज थेट येथे आणली होती.

बंदराच्या तोंडाशी, व्हॅलेटाच्या टोकावर असलेला सेंट एल्मो मी मुद्दाम शेवटी ठेवला. काही दिवसांतच पडेल असे तुर्कांना वाटलेला हा लहानसा किल्ला सुमारे महिनाभर झुंजला आणि 23 जून 1565 रोजी पडला, पण तेवढ्या अवधीत पलीकडच्या तटांना तयारीला वेळ मिळाला. आतल्या युद्ध संग्रहालयात एप्रिल 1942 मध्ये संपूर्ण बेटाला दिलेला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान ठेवला आहे. काचेमागचा तो चांदीचा क्रॉस तळहातात मावेल एवढाच आहे. संग्रहालय आणि तट नीट पाहायचे तर अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि उन्हाळ्यात सकाळीच जावे, कारण तटावर सावली फारशी नाही.